हेकरूची कपार

वाशी,
१९ नोव्हेंबर १९९७

प्रिय मनस्वी,

अनेक आशीर्वाद. तू माहेरी असताना मी तुला याआधी एकदाच पत्र लिहिलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, आणि तेव्हा वर 'चि. सौ. मनस्वी' असं लिहिलं होतं. आज कागद पुढे घेतला आणि त्याच ठिकाणी अडलो. 'चि.' लिहिलं, पुढची जागा मोकळी राहिली. ती मोकळी जागा बघवेना म्हणून कागद बदलला. सासऱ्यानं सुनेला 'प्रिय' लिहायची आमच्याकडे पद्धत नाही. पण दुसरं काही सुचलं नाही आणि ते खोटंही नाही, म्हणून राहू दिलं.

शाळा सोमवारी उघडते, तू रविवारी संध्याकाळच्या बसनं येतेस, असं तुझ्या भावानं, सदूनं, खालच्या सुमित्राबाईंच्या फोनवर कळवलं आहे. रविवारच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं, म्हणून आजच लिहायला बसलो. फोनवर बोलता आलं असतं, पण त्यांचा फोन हॉलमध्ये टीव्हीला लागून आहे, आणि मी फोनवर असलो की सगळं घर माझ्यासाठी टीव्ही बारीक करून गप्प बसतं. मला सांगायचं आहे ते तसं उभ्यानं सांगण्यासारखं नाही. समोरासमोर बसूनही मला जमणार नाही हे तुला माहीत आहे. इतकी वर्षं या घरात राहून मी सलग चार वाक्यं बोललेलं तू फक्त मासळीबद्दलच ऐकलं असशील.

इकडे सगळं ठीक आहे. कुकरच्या शिट्ट्या मी मोजतो, पण डाळ कधी पातळ होते, कधी भिंतीसारखी. तुळशीला पाणी घालतो. घराची किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घातली आहे. नोकरीत असताना तेजसची आई, पुतळा, घरी असायची, ती गेल्यावर तेजस किंवा तू. मी बाहेरून आलो की बेल वाजवायची आणि कुणीतरी दार उघडायचं, एवढंच मला माहीत. परवा दूध घेऊन आलो आणि सवयीनं बेल वाजवून उभा राहिलो. समोरच्यांनी आपलं दार उघडून विचारलं, काय काका, कोण हवंय? मी म्हटलं, कुणी नाही. वरच्या मजल्यावर तबल्याची शिकवणी असते, ती पूर्वी मला त्रासाची वाटायची. आता मंगळवार आणि शुक्रवार आले की मी चार वाजल्यापासून वाट बघतो. दिवाळीत गुरुजी गावी गेले आहेत.

दिवाळी उलटल्यावर एक दिवस मी माळ्यावरून गळांचा डबा काढला. तेजस गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, अजून चांगलं आहे, शिशाचे गोळे तसेच आहेत, गळ मात्र गंजले होते. ते गंजणारच. तेजस मुद्दाम साध्या लोखंडाचे गळ आणायचा, चकचकीत स्टीलचे नाही. दोरी तुटली तर माशानं जन्मभर तोंडात गळ घेऊन का फिरायचं, असं त्याचं म्हणणं. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजून थोड्या दिवसांत आपोआप गळून पडतं. त्यातले दोन बरे गळ मी घासून घेतले, भांगाचं पाणी आहे हे पंचांगात बघितलं आणि सकाळच्या बसनं उरणला आणि तिथून मोऱ्याला होडीवाल्या भिमाआत्याकडे गेलो. उधाणाला पाणी फार ओढतं, गळ जागेवर राहत नाही. अष्टमीच्या आसपास, भांगाला, पाणी मंद असतं, गढूळही कमी असतं. हेकरूसाठी तेच दिवस.

हेकरूबद्दल मी तुला काय सांगणार, तूच मला सांगितलं आहेस. तुझ्या लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. मी आणि तेजसनं मोऱ्याहून चांगला हातभर हेकरू आणला होता आणि तू पहिल्यांदा या घरात कालवण केलं होतंस. आमच्याकडे नवी सून सासऱ्यासमोर फार बोलत नाही. मी खाली मान घालून जेवत होतो. तेजसनं तुला विचारलं, तुमच्या बी. एस्सी.च्या पुस्तकात या माशाचं काय लिहिलंय? तू सरळ सांगायला लागलीस. हेकरू जन्मतात तेव्हा सगळ्या माद्याच असतात. चार-सहा वर्षं अंडी घालतात. मग वाढून मोठ्या झाल्या की त्यांतल्या काही नर होतात. एखाद्या खडकावरचा मोठा नर पकडला गेला, तर कधी कधी उरलेल्यांतली मोठी मादी नर होऊन त्याची जागा घेते. मी घास हातात धरून बसलो. बंदर खात्यात इतकी वर्षं गेली, लहानपणापासून हेकरू मारला, पण माझ्या ताटातल्या माशाविषयी असलं काही मी ऐकलं नव्हतं, आणि ते सुनेच्या तोंडून ऐकायचं म्हणजे कुठं बघावं कळेना. तेजस मात्र ताटावर वाकून म्हणाला, "बाबा, बघून खा. सासू हाय का सासरा?" तू पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळालीस. मलाही हसू आलं. पुतळा गेल्यापासून त्या टेबलावर कुणी हसलं नव्हतं.

त्यानंतर तू आम्हाला विचारायला लागलीस. तुझ्या पुस्तकात हेकरूच्या पोटातलं सगळं होतं, पण तो राहतो कसा ते फार नव्हतं. मग मी बोलायचो. बोटाएवढी पिल्लं खाडीत तिवरांच्या मुळांत वाढतात, कोळंबीच्या जाळ्यात येतात, आणि जरा अंगानं भरली की बाहेर खडकाकडे जातात. बांगडा, तारली थव्यानं फिरतात, हेकरू एकटा असतो. खडकात एक कपार धरतो आणि तिचा धनी होऊन बसतो. अंगावरचे ठिपके आणि रंग असे की दगड कुठं संपला आणि मासा कुठं सुरू झाला कळत नाही, आणि दगड बदलला की रंगही गडद-फिका करतो. भक्ष्यामागे धावत नाही. कपारीच्या तोंडाशी बसून राहतो आणि चिंबोरी, कोळंबी समोरून गेली की एकदम जबडा उघडतो, पाण्यासकट ती आत ओढली जाते. चावत नाही, गिळतो. नव्या बंदराच्या बांधासाठी समुद्रात दगड टाकले, तर तिथल्या फटींतही हेकरू येऊन राहिले. आमची शेती आणि मिठागर त्या बंदरात गेलं. तेजस म्हणायचा, बाबा, आपली जागा गेली, पण हेकरूला घरं मिळाली.

मग तू हट्ट धरलास की मला होडीत यायचं आहे. बायकांना गळाच्या होडीत नेत नाहीत असं नाही, भिमाआत्या स्वतः वल्हं मारते, पण नव्या सुनेला नेणं म्हणजे मोऱ्यात चार लोक बघणार. भिमाआत्यानं तर धक्क्यावरच सुरुवात केली. म्हणाली, "देवजी, सून आनलीस का मास्तरीन? मासा बिचारा गळाला लागायच्या आधी परीक्षेला बसंल." तू हसलीस आणि तिचंच वल्हं मागून घेतलंस. त्या क्षणापासून ती तुझी झाली. अजूनही मी एकटा दिसलो की आधी तुझं विचारते.

तो दिवस तुला आठवत असेलच, पण मला कसा आठवतो ते लिहितो. पाणी थांबत आलं होतं. तुझ्या दोरीला जिवंत कोळंबी लावली होती. तुझा गळ तळाला टेकला आणि लगेच तुझा हात खाली खेचला गेला. तू ओढायला लागलीस, आणि एकदम दोरी दगडाला बांधल्यासारखी झाली. तुला वाटलं गळ खडकात अडकला. तसं नसतं. गळ लागला की हेकरू पहिल्यांदा आपल्या कपारीत शिरतो, गालफडं आणि पाठीचे काटे फुगवतो आणि दगडात पाचरीसारखा बसतो. मग वरून कितीही ओढा. जितकं ओढाल तितका तो जास्त फुगतो, आणि शेवटी दोरी तुटते किंवा त्याचं तोंड फाटतं. तेजसनं दोरी घ्यायला हात पुढे केला तेव्हा मी त्याचा हात धरला. माझ्या वडिलांची रीत आहे. ज्याच्या हाताला मासा लागला, त्यानंच तो आणायचा किंवा सोडायचा. दुसऱ्यानं मधे हात घातला की दोरीत काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. मी तुला म्हटलं, "सैल सोड." तू माझ्याकडे बघितलंस. मासा हातात असताना सैल सोडायचं कुणालाच पटत नाही. मी पुन्हा म्हटलं, सैल सोड, आणि तू दोन हात दोरी पाण्यात सोडलीस.

मग आम्ही बसून राहिलो. तेजसनं डबा उघडला, आत्यानं तंबाखू मळली. तू दोरी दोन बोटांत धरून, श्वास सुद्धा जपून घेत बसली होतीस. दोरी सैल झाली की हेकरूला कुणी ओढत नाही हे कळतं. हळूहळू त्याचा फुगारा उतरतो, काटे मिटतात, आणि आपण मोकळे आहोत असं वाटून तो स्वतःच बाहेर येतो. तू हळूच म्हणालीस, बाबा, हलला. घरात तोवर तू मला कशानेच हाक मारली नव्हतीस, 'अहो ऐकलंत का' असं भिंतीकडे बघून बोलायचीस. त्या दिवशी पहिल्यांदा 'बाबा' म्हणालीस. मासा वर आला तो मध्यम होता. पण मला एवढा आनंद त्याआधी कधी झाला होता ते आठवत नाही.

तेजस गेला ते पाण्यात नाही, रस्त्यावर. पोर्टवरून स्कूटरनं परत येताना ट्रेलर, एवढंच. त्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही आणि आताही मी लिहीत नाही. पण त्यानंतर तू काय काय केलंस ते मी बघत होतो. गॅसचा नंबर तू लावायला लागलीस. सोसायटीच्या मीटिंगला तेजसच्या जागी तू जाऊन बसलीस आणि टाकीच्या पाण्यावरून सेक्रेटरीशी भांडून आलीस. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी फॉर्मवर 'मुलगा' असं छापलेलं खोडून तू सही केलीस. स्कूटर विकू दिली नाहीस, दुरुस्त करून घेतलीस आणि चालवायला शिकलीस. लोक मला म्हणायचे, सून नाही, मुलगाच आहे तुमचा, आणि मलाही ते ऐकून बरं वाटायचं. आता या रिकाम्या घरात बसून विचार करताना मला तुझी पहिल्या महिन्यातली माशाची गोष्ट आठवली. मोठा गेला की दुसरीनं बदलून त्याची जागा घ्यायची. माशाला ते निसर्गानं लावून दिलेलं आहे. तुला कुणी लावून दिलं? मी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण मी बेल वाजवायचो आणि तू दार उघडायचीस.

मोऱ्याला मी एकटा गेलो त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. भिमाआत्या वल्ह्यावर होती. ती आता थकली आहे, पण तोंड तसंच आहे. आम्ही आपल्या नेहमीच्या खडकावर गेलो. जागा शोधायला मला वेळ लागला. पूर्वी डोंगराचं टोक आणि धक्क्यावरची बत्ती एका रेषेत धरायचो, आता मधे क्रेनच क्रेन. शेवटी आत्यानंच जागा धरली. गळ टाकला. बराच वेळ काही नाही, मग एकदम हात खाली गेला. मोठा होता. वजन कळतं हाताला. आणि नेहमीसारखा कपारीत जाऊन बसला.

मी दोरी सैल सोडली आणि थांबलो. आत्या बडबडत होती, तुझं विचारत होती, मास्तरीन कवा येनार, शाला उघडल्यावर का, मग पुढच्या भांगाला तिला घेऊन ये. मी हो म्हणत होतो. होडीत दुसरं कुणी नव्हतं. मला वाटलं, हा खाली आपल्या जागेत अंग फुगवून बसला आहे, वर मी दोरी धरून बसलो आहे, आणि दोघांनाही घाई नाही. मग दोरी हलली. तो बाहेर आला होता. त्या वेळी ओढायचं असतं, झटक्यात, पुन्हा आत शिरायच्या आधी. माझा हात वर गेला नाही. मी खिशातला चाकू काढला आणि तंगूस कापलं. आत्या बघतच राहिली. मग म्हणाली, "आता कालवनात काय घालू, दोरी?" मी उरलेली दोरी गुंडाळली. मासा सोडण्यात माझा काही मोठेपणा नव्हता, मनस्वी. एवढा मासा घरी नेऊन काय करायचं, हे मला सुचलं नाही. एवढा मासा एकट्यानं संपत नाही. गळ लोखंडाचा होता, आतापर्यंत पडला असेल.

त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे गेल्या रविवारी, सदू आला. आधी कळवलं नव्हतं. बरोबर एक गृहस्थ होते, श्यामसुंदर नावाचे, पनवेलला एसटीच्या ऑफिसात असतात. सदू म्हणाला, इकडे मार्केटला काम होतं, मित्र बरोबर होता म्हणून आणला. सदूला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात. मी चहा केला. साखर दोनदा पडली असावी, पण दोघांनी मुकाट्यानं घेतला. श्यामसुंदर फार बोलत नव्हते. चहा झाल्यावर ते उठले, तेजसच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले, आणि खाली जाऊन थांबतो म्हणाले. मग सदूनं सगळं सांगितलं. त्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली, मूल राहिलं नाही. तुला शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी बघितलं होतं. त्यांच्या आईला पसंत आहे, नोकरी तू सोडावीस असं कुणाचं म्हणणं नाही. तुला विचारलं तेव्हा तू 'माणूस वाईट नाही' एवढंच बोललीस, आणि मग नाही म्हणालीस. सदू म्हणाला, "काका, ती आमचं ऐकत नाही. म्हणते, बाबांना कोन हाय? आमी ओढतो तेवढी ती घट्ट होते. तुमी सांगितलंत तरच काय ते."

सदू जासईचा, भातशेतीतला. त्याला हेकरू मारता येत नाही. पण तो असं बोलला तेव्हा मी त्याच्याकडे बघत राहिलो.

मी त्याला सोडायला खाली गेलो. श्यामसुंदर गेटपाशी उभे होते. सदू रिक्षा बघायला पुढे गेला तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, तुमची इच्छा नसेल तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही, आणि सदूलाही काढू देणार नाही. मी मान हलवली. मग ते म्हणाले, "तो फोटो त्यांना बरोबर आणायचा असेल, तर आमच्याकडे भिंत आहे." एवढंच. रिक्षा आली आणि ते गेले. मी जिना चढून वर आलो, दारापाशी आलो, आणि गळ्यातली किल्ली काढायला मला बराच वेळ लागला.

काल मी जासईला येऊन गेलो. तुला सदूनं सांगितलं नसेल, कारण त्यालाही माहीत नाही. हे सगळं तोंडानं सांगायचं ठरवून निघालो होतो. नाक्यावर उतरलो, तुमच्या घराकडे वळलो. तुमच्या अंगणात खळ्याशेजारी वहिनीच्या धाकट्या मुलीची तू वेणी घालत होतीस. ती सारखी पळत होती, तू तिला वेणीला धरून परत बसवत होतीस, आणि काहीतरी सांगून हसत होतीस. मोठ्यानं. तू मोठ्यानं हसतेस हे मी विसरलो होतो. आपल्या घरात तू हसतेस, पण दारं लावून हसल्यासारखं, माझ्याकडे एकदा बघून. कुंपणाशी येऊन मी हाक मारली असती तर तू लगेच उठली असतीस, पदर सारखा केला असतास, 'बाबा, बसा, पाणी आणते' म्हणाली असतीस, आणि तोंडावरचं ते हसू गेलं असतं. मी तसाच नाक्यावर परत आलो. ट्रेलर एकामागून एक जात होते, बस यायला वेळ होता. बरं झालं, तेवढ्यात पत्र लिहायचं ठरलं.

म्हणून हे पत्र. रविवारी येऊ नकोस. सदूकडेच राहा, शाळेत तिथून जा, जासईहून वाशीला बस आहेत. तुझे कपडे आणि पुस्तकं मी खोक्यात भरून ठेवली आहेत, सदू येऊन नेईल. श्यामसुंदरांना हो म्हणायचं की नाही हे तुझं तू ठरव, मी त्यात हात घालणार नाही. पण माझ्यासाठी नाही म्हणू नकोस. मला एकट्याला करमणार नाही. हे मी लपवत नाही, कारण लपवलं तर तू मनातल्या मनात त्याचं दुप्पट करशील. मला एकटं वाटेल, डाळ बिघडेल, आणि मी वाशीतच राहीन. मी आता जागा बदलणारा मासा नाही. पुढच्या आठवड्यात तबला सुरू होईल, आणि भांगाला भिमाआत्या आहेच, शिव्या द्यायला. तुला सदूनं सोडून उपयोग नव्हता, तुझ्या वहिनीनं सांगून उपयोग नव्हता, दोरी माझ्या हातात होती. ती मी आज सोडली आहे, पुन्हा ओढण्यासाठी नाही. तेजसचा मोठा फोटो खोक्यात वर ठेवला आहे, काचेला वर्तमानपत्र गुंडाळून. माझ्याकडे कॉलेजातला लहान आहे, तो मला पुरे. लग्न ठरलं तर मी येईन, आणि सदूच्या शेजारी, मुलीकडच्यांत बसेन. तिथं मला कुणी कोण म्हणून विचारलं तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. आणि पुढचं पत्र मी तुझ्या नव्या पत्त्यावर लिहीन, तेव्हा 'चि.'च्या पुढची जागा मला भरता येऊ दे.

तुझाच,
बाबा